पॅपिलोमा विषाणू पेशीत घुसतो की त्याला आत नेलं जातं?

चौकस (धागाकर्ता)

मंडळी, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात वर्गासमोर 'विषाणूंचा पेशीप्रवेश' या विषयावर वीस मिनिटं बोलायचंय. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मित्रांच्या वाट्याला इन्फ्लुएन्झा आणि एचआयव्ही आले, माझ्या नशिबी पॅपिलोमा, म्हणजे चामखीळ आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारा एचपीव्ही. आधी वाटलं बरं झालं, डीएनएवाला साधासुधा विषाणू आहे, चार बाणांत आटपेल: विषाणू, रिसेप्टर (पेशीवरची चिकटायची जागा), एंडोसोम (पेशीच्या आतली पिशवी), केंद्रक. आकृती काढूनही झाली.

मग वाचायला बसलो आणि गाडी अडली. इन्फ्लुएन्झा सहा-आठ तासांत नवी पिल्लं बाहेर सोडतो आणि हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशीसुद्धा केंद्रकात पोचलेला नसतो. का? दुसरं म्हणजे प्रत्येक ठिकाणी 'सूक्ष्म जखम आवश्यक' असं एक वाक्य येतं आणि लेखक पुढे निघून जातात. चिकटायला रिसेप्टर आहे ना, मग जखम कशाला? आणि रिसेप्टर तरी नेमका कोणता? एकजण हेपरान सल्फेट म्हणतो, दुसरा इंटिग्रिन, तिसरा ॲनेक्सिन. परीक्षक हेच विचारणार हे नक्की.

कुणी हात लावून काम केलेलं असेल तर कृपया सांगा. पुस्तकातलं वाक्य पुन्हा नको, ते पाठ झालंय.

काचपट्टी

चार बाण पुरणार नाहीत, आणि तुमचा पहिलाच बाण चुकलाय. तो पेशीकडे जात नाही.

पाचेक वर्षं मी याच विषाणूच्या मागे होते. म्हणजे खऱ्या नव्हे, तोतयाच्या. खरा पॅपिलोमा साध्या डिशमधल्या पेशींत वाढत नाही. त्याला थरावर थर चढलेली, वर सरकता सरकता पक्व होत जाणारी त्वचा लागते, कारण कवचाची प्रथिनं तो अगदी वरच्या थरांतच बनवतो. म्हणून प्रवेशाचा अभ्यास करणारे लोक तोतया बनवतात. २९३टीटी नावाच्या पेशींना एल-१ आणि एल-२ या दोन कवचप्रथिनांची जनुकं द्यायची, सोबत हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं डीएनएचं कडं द्यायचं. पेशी आपणच कवचं बांधतात आणि ते कडं आत भरतात. पेशी फोडल्यावर ती कवचं रात्रभर ३७ अंशांवर मुरायला ठेवायची. ही पायरी घाईत गाळायची नाही, एल-१ च्या रेणूंमधले गंधकाचे टाके त्या रात्रीत पक्के होतात. तयार होतो तो बाहेरून हुबेहूब विषाणू: ५५ नॅनोमीटरच्या आसपास, एल-१ च्या पाच-पाचच्या ७२ झुपक्यांचा, म्हणजे ३६० एल-१. एल-२ फार तर ७२, आणि तेही आत दडलेले. खऱ्या विषाणूत या कवचात सुमारे ८,००० बेसजोड्यांचं गोल डीएनए असतं, तेही पेशीकडूनच उसन्या घेतलेल्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेलं. आमच्या तोतयात त्या जागी हिरवं जनुक. पेशी हिरवी दिसली की समजायचं, डीएनए केंद्रकात पोचलं.

तर माझ्या पहिल्या तीन आठवड्यांत काहीही हिरवं दिसलं नाही. त्वचेच्या हाकॅट पेशी दाट वाढवायचे, कारण दाट थर दिसायला छान दिसतो आणि मला वाटायचं जास्त पेशी म्हणजे जास्त निकाल. तोतया घालायचा, चोवीस तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, काळोख. तोतया मेला म्हणून ओतून द्यायचा, नवा बनवायचा. दोनदा ओतला. तिसऱ्या खेपेला माध्यम बदलताना पिपेटचं टोक डिशच्या तळाला घासलं आणि पेशींच्या थरावर एक लांब ओरखडा उठला. स्वतःवर चिडले, पण डिश तशीच ठेवली. अठ्ठेचाळीस तासांनी दिवा लावला तर बाकी थरात तुरळक ठिपके, आणि त्या ओरखड्याच्या दोन्ही काठांनी हिरवी रांग. रस्त्याकडेला पणत्या लावाव्यात तशी.

तुमचे पहिले दोन्ही प्रश्न त्या ओरखड्यात आहेत, म्हणून एवढं लांबण लावलं.

आता शरीरात काय होतं ते. एल-१ ला चिकटायला आवडतं ते हेपरान सल्फेट नावाच्या साखळीदार शर्करेला. ती खूप ठिकाणी असते, पण धडधाकट त्वचेच्या किंवा श्लेष्मल अस्तराच्या वरच्या पेशींना हा विषाणू जवळपास चिकटतच नाही. तो चिकटतो खालच्या आधारपटलाला, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेनला, ज्यावर सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी बसलेल्या असतात. ते पटल एरवी झाकलेलं. ओरखडा पडला, अस्तर सोललं गेलं, तरच उघडं पडतं. उंदरांवर हे स्वच्छ दाखवलं गेलंय: योनिमार्गाचं अस्तर शाबूत असेल तर तोतयाची लागण होत नाही, ब्रशने किंवा नोनॉक्सिनॉल-९ या शुक्राणूनाशकाने अस्तर दुखावलं की लागण होते. २००७ सालचं काम आहे. त्याच कामात समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या कॅराजिननने ती लागण अडवली होती. कॅराजिनन हीसुद्धा गंधकयुक्त साखळी, हेपरानची बहीण म्हणा. विषाणू तिलाच मिठी मारून बसतो आणि खऱ्या जागी जायचा राहतो.

म्हणजे पहिला बाण आधारपटलाकडे. पेशी अजून चित्रातच नाही.

तिथे चिकटल्यावर त्याची हजामत सुरू होते. कॅलिक्रेन-८ हे एन्झाइम एल-१ ला थोडं छाटतं, कवच जरा सैल होतं, सायक्लोफिलिन-बी त्याला आणखी वळवतं, आणि आत दडलेल्या एल-२ चं नाक बाहेर येतं. मग फ्युरिन नावाचं दुसरं एन्झाइम त्या नाकाचा शेंडा, साधारण डझनभर अमिनो आम्लं, कापून टाकतं. ही काप नसेल तर पुढची वाट बंद. आणि एक मजा: आधीच फ्युरिनने कापून ठेवलेला तोतया दिला, तर हेपरान सल्फेट नसलेल्या पेशींनाही त्याची लागण होते. म्हणजे हेपरान सल्फेट आत नेणारा दरवाजा नाहीच. ती ओसरी आहे. तिथे बसवून याला तयार करतात.

यानंतर, जखम भरायला ज्या पेशी पटलावरून सरकत येतात त्यांच्याकडे याची बदली होते. इथे तुमचा तिसरा प्रश्न. अल्फा-६ इंटिग्रिन, ईजीएफ रिसेप्टर, सीडी-१५१ हे टेट्रास्पॅनिन, ॲनेक्सिन ए-२, सगळ्यांची नावं आहेत आणि प्रत्येकामागे चांगले प्रयोग आहेत. एकमत नाही. परीक्षकाने विचारलं तर सरळ 'दुसऱ्या रिसेप्टरवर एकमत नाही' असं म्हणा आणि ही चार नावं घ्या. माझं स्वतःचं मत विचाराल तर एकच कुलूप शोधायचा हट्टच चुकीचा आहे, ही सगळी मंडळी पेशीच्या पडद्यावर एकाच चौकात उभी असतात. पण हे मत आहे, ते तुमच्या स्लाइडवर टाकू नका.

बाकी उद्या लिहिते, गॉल्जीपर्यंत, म्हणजे पेशीतल्या माल वाटपाच्या ठाण्यापर्यंत, जायचंय अजून.

चौकस

ताई, आधी एक, मला अहो-जाहो नका करू. दुसरं, 'ओसरी' हा शब्द मी सेमिनारमध्ये ढापणार आहे. तिसरं, ओरखड्याने पटल उघडं पडलं हे कळलं, पण तुमच्या डिशमध्ये कुठे आधारपटल होतं? तिथे तर नुसत्या पेशी आणि प्लास्टिक.

काचपट्टी

बरोब्बर पकडलंस. डिशमध्ये खरं पटल नसतं, पण पेशी आपल्याखाली लॅमिनिन वगैरेंचा एक पातळ लेप सोडतात आणि विषाणू त्यालाही चिकटतो. ओरखड्यात तो लेप उघडा पडला, हे एक. पण मोठं कारण दुसरं. दाट थरातल्या पेशी एकमेकींना खेटल्या की विभाजन आवरतं घेतात. ओरखड्याच्या काठच्या पेशींना मात्र मोकळी जागा दिसते, त्या सरकतात आणि भराभर विभागतात. आणि या विषाणूला विभाजन लागतंच.

पेशी याला आत घेते तेही रमतगमत. क्लॅथ्रिन किंवा कॅव्हिओलिनचा नेहमीचा रस्ता नव्हे, मॅक्रोपिनोसायटोसिससारखी घोटभर गिळण्याची पद्धत. सगळे एका वेळी आत जात नाहीत, कुणी तासाभरात, कुणी दहा-बारा तासांनी. एंडोसोममध्ये आम्लता वाढते, कवच विस्कटतं, बरंचसं एल-१ मागे राहतं आणि एल-२ व डीएनए सोबत पुढे निघतात.

इथपर्यंत तुझ्या आकृतीत असतं तसंच. पण इतर कितीतरी कवचधारी विषाणू इथे पिशवी फोडून पेशीद्रवात उतरतात, हा फोडत नाही. एल-२ च्या शेपटाला एक धनभारित तुकडा आहे, तो पडद्यातून आरपार जाऊ शकतो. तर एल-२ आतूनच ते शेपूट पिशवीबाहेर, पेशीद्रवात काढतो. पोत्यात बसलेल्या माणसाने फटीतून हात बाहेर काढून जाणाऱ्या गाडीला थांबवावं, तसं. गाडी म्हणजे रिट्रोमर, एंडोसोममधला माल गॉल्जीकडे परत वळवणारी प्रथिनांची टोळी. तिला वाटतं हा आपलाच माल. रिट्रोमर काढून टाकलं तर विषाणू एंडोसोममध्येच अडकून पडतो. गॅमा-सिक्रेटेजचीही या टप्प्यावर गरज असते, तेच ते अल्झायमरच्या चर्चेत येणारं एन्झाइम. त्याचं औषधाने तोंड बांधलं की लागण थांबते. हे २०१० च्या आसपास कळलं, गॉल्जीचा रस्ता २०१३ मध्ये पक्का झाला. त्याआधीच्या पुस्तकांत 'एंडोसोममधून पेशीद्रवात आणि तिथून केंद्रकात' असं सापडेल. ते सोडून दे.

आणि मग हा गॉल्जीत बसून राहतो. वाट बघत.

इन्फ्लुएन्झाचं सामान केंद्रकाच्या छिद्रांतून आत शिरतं, एचआयव्हीचंही. तुझ्या मित्रांना विचार. पॅपिलोमा छिद्रांच्या वाटेला जात नाही. पेशी विभागायला लागते, केंद्रकाचं आवरण विरघळतं, गॉल्जीचे तुकडे होऊन विखुरतात, तेव्हा हा त्या तुकड्यांतल्या पुटिकेत, म्हणजे छोट्या पिशवीत, बसल्या बसल्या सूक्ष्मनलिकांवरून गुणसूत्रांपाशी जातो. एल-२ गुणसूत्रांना धरून राहतं. विभाजन संपलं, आवरण पुन्हा बांधलं गेलं, की हा आत. दार फोडलं नाही, खिडकीतून चढला नाही, घराची भिंत नव्याने बांधत होते तेव्हा सामानात मिसळून उभा राहिला. नंतर केंद्रकात पीएमएल नावाच्या गाठींपाशी त्याचं बस्तान बसतं आणि जनुकं बोलू लागतात.

ॲफिडिकोलिन देऊन पेशींचं चक्र अडवलं की माझ्या डिशमध्ये एक ठिपका दिसायचा नाही. तोतया पेशीत भरपूर, हिरवं शून्य. हा प्रयोग करून पाहण्याआधी मी जे दोन तोतये मोरीत ओतले ते चांगलेच होते रे. चोवीस तासांनी बघत होते आणि दाट थरात बघत होते, दोन्हीकडून चूक.

जाता जाता, पिशवीतच राहण्याचा एक फायदा कळला की सगळं जुळतं. पेशीद्रवात मोकळं डीएनए दिसलं की बोंब मारायला सीगॅस नावाचा पहारेकरी असतो. हा शेवटपर्यंत बुरख्यात, त्यामुळे पहारेकऱ्याला पत्ता नाही.

कातडीबचाव

काचपट्टींचं सगळं मान्य, फक्त त्वचारोगाच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो.

ओरखड्याची गोष्ट आम्ही रोज बघतो. चेहऱ्यावर चपटे चामखीळ असलेला माणूस दाढी करतो आणि पुढच्या खेपेला ब्लेडच्या रेघेत चामखिळांची ओळ घेऊन येतो. नखं कुरतडणाऱ्यांच्या नखांभोवती, सतत ओल्या राहून नरम पडलेल्या तळपायांवर. रुग्णाला सांगताना मी एवढंच म्हणतो, की तुम्हीच त्याला दार उघडून देताय. अर्थात जखम डोळ्यांना दिसावी असं मुळीच नाही, बऱ्याचदा दिसतच नाही.

पण 'जखम लागतेच' हे इतकं ठाम लिहू नकोस, चौकस. गर्भाशयमुखाशी एक पट्टा असतो जिथे अनेक थरांचं अस्तर संपतं आणि एकाच थराचं सुरू होतं. टॉन्सिलच्या खोल खाचांतही अस्तर मुळातच जाळीदार, सच्छिद्र असतं. तिथे खालच्या पेशींपर्यंत पोचायला विशेष प्रयास पडत नाहीत. या विषाणूमुळे होणारे कर्करोग नेमके याच जागांवर जास्त आढळतात, त्यामागे हेही एक कारण मानतात.

काचपट्टी

हो, हे माझ्याकडून सुटलं. उंदराच्या योनिमार्गावरून सगळ्या शरीराचा नियम काढायची आमच्या लोकांची खोड आहे.

उलटतपासणी

विज्ञानाचा विद्यार्थी नाही, तरी एक शंका. हा विषाणू रक्तात जात नाही असं वाचलंय. त्वचेच्या तळाशी चिकटतो, तिथेच राहतो, वरच्या मेलेल्या पेशींबरोबर गळून बाहेर पडतो. मग दंडात टोचलेली लस त्याला कशी अडवते? प्रतिपिंडं रक्तात, शत्रू वेशीवर. आणि नैसर्गिक लागण होऊनही पुष्कळांना नीट प्रतिकारशक्ती येत नाही म्हणतात, मग लसीने कशी येते?

काचपट्टी

शंका एकदम रास्त आहे, सुरुवातीला तज्ज्ञांनाही हीच होती. दंडातल्या टोचणीने श्लेष्मल अस्तराचं रक्षण होईल यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता.

उत्तर पुन्हा जखमच. आधारपटल उघडं पडतं तेव्हा तिथे रक्तातला द्रव झिरपतो, आणि त्याच्यासोबत प्रतिपिंडं येतात. विषाणूला जी जखम हवी तीच त्याच्या शत्रूंना आणून सोडते. शिवाय गर्भाशयमुखाच्या स्रावातही रक्तातली प्रतिपिंडं पाझरत असतात. आणि आपला गडी किती संथ आहे ते वर पाहिलंच. ओसरीवर तासन्‌तास बसतो, हजामत करून घेतो, बदलीची वाट बघतो, आणि या सगळ्या वेळात तो पेशीच्या बाहेर, उघड्यावर. उंदरांत असं दिसलं की प्रतिपिंडं भरपूर असली तर तो पटलाला चिकटतच नाही, आणि थोडी असली तर पटलाला चिकटतो पण तिथून पेशीवर जाऊ शकत नाही. दोन्ही प्रकारे काम होतं.

लसीत नुसत्या एल-१ ची रिकामी कवचं असतात, डीएनए नाही. एल-१ आणि एल-२ मिळून कवचं आपोआप बांधली जातात हे १९९१ मध्ये इयान फ्रेझर आणि जियान झोउ यांनी दाखवलं, नुसत्या एल-१ चीही बांधली जातात हे पुढच्या वर्षी जॉन शिलर आणि डग्लस लोवी यांच्या गटाने, आणि पहिली लस २००६ मध्ये बाजारात आली. तीच तीच नक्षी ३६० वेळा एकमेकींजवळ मांडलेली दिसली की प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी खडबडून जाग्या होतात. नैसर्गिक लागणीत ती कवचं फक्त वरच्या मरणासन्न पेशींत बनतात, पेशी फुटत नाही, दाह नाही, बोंबाबोंब नाही. शरीराला दाखवलंच काही नाही तर ते शिकणार काय? म्हणून लसीनंतरची प्रतिपिंडं नैसर्गिक लागणीपेक्षा कितीतरी जास्त असतात.

यातूनच हेही कळतं की लस आधीच झालेली लागण का बरी करत नाही. तळाच्या लागण झालेल्या पेशीत डीएनएच्या पाच-पन्नास कड्या मुकाट वाढत असतात, पण एल-१ चा पत्ता नसतो. प्रतिपिंडं पकडणार कुणाला?

एल-२ च्या नाकाचं मात्र मला फार वाटतं. एल-१ प्रकारागणिक बदलतं, आणि प्रकार दोनशेच्या वर आहेत. पण फ्युरिनने कापल्यावर उघडा पडणारा एल-२ चा भाग बहुतेकांत जवळपास सारखाच. त्यावर नेम धरला तर एका लशीत पुष्कळ प्रकार अडवता येतील, असा प्रयत्न बराच काळ चालू आहे. अडचण ही की पूर्ण कवचात ते नाक लपलेलं असतं, त्यामुळे शरीर आपणहून त्याच्यावर फारसं चिडत नाही.

चौकस

सगळ्यांचे आभार. आकृती फाडून नवी काढली, बाण नऊ झालेत. प्रत्येक बाणाखाली वेळ लिहायचं ठरवलंय, म्हणजे संथपणा डोळ्यांना दिसेल.

एक अडलंय. फ्युरिनची कात्री कुठे काढू? आधारपटलावर की पेशीच्या पडद्यावर? दोन लेखांत दोन चित्रं आहेत.

काचपट्टी

दोन्ही बरोबर. डिशमधलं चित्र असेल तर पेशीच्या पृष्ठभागावर. शरीरातलं असेल तर पटलावरच, उंदरात बदली व्हायच्या आधी तिथेच काप झालेली दिसते. तू जखम काढली आहेस ना आकृतीत? मग पटलावर काढ. आणि विभाजनाच्या बाणाखाली तासांचा आकडा लिहू नकोस, 'पेशीच्या मर्जीने' लिही.